सतरा नंबरची रिकामी चौकट

१

चौकट भिंतीवर होती. काच शाबूत होती, खालचं कार्डही जागेवर होतं. आतला फोटो तेवढा नव्हता.

२०१०च्या मार्चमधला शुक्रवार. आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या आफ्रिकी कलावंतांचा मेळा दुबईत आदल्याच दिवशी सुरू झाला होता. जागा म्हणजे एका नव्याकोऱ्या टॉवरचा तळमजला. मंदीच्या आधी तिथे मोटारींची शोरूम यायची होती. ती आलीच नाही, आणि बिल्डरनं मोकळा पडलेला हॉल मेळ्याला दिला. तिथल्या एका गॅलरीच्या स्टॉलवर जुने चोवीस फोटो लावले होते. सकाळी साडेदहाला हेमा नावाची तिथली असिस्टंट धूळ पुसत सतराव्या चौकटीपाशी आली आणि तिला काचेमागे नुसता कोरा पुठ्ठा दिसला.

मी तिथे नव्हतो. मला हे निनादनं सांगितलं. तो माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. दुबईतल्या करामा वस्तीत बावीस वर्षं माझी फोटो लॅब होती. त्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे व्हिसाचे फोटो माझ्या हातचे. आधी डिजिटल आलं, मग मंदी आली, आणि २००९ साली मी शटर खाली ओढलं. त्याआधी दोनचार वेळा असं झालं होतं की कुणाचा खोटा कागद, कुणाचा बदललेला फोटो मी नुसता बघून ओळखला होता. तेव्हापासून काही अडलं की लोक हेमचंद्रकाकांकडे येतात.

निनाद दारातच उभा राहिला. म्हणाला, "काका, आईवर चोरीचा आळ आलाय."

त्याची आई शोभनाताई. गुरुवारी ती मेळ्याला एकटीच गेली होती. त्या सतराव्या फोटोसमोर तासभर उभी राहिली, रडली, आणि हा माझ्या आईचा फोटो आहे, मला द्या, असं म्हणाली. संध्याकाळी भाषणं चालू असताना ती पुन्हा त्या स्टॉलवर एकटी बसलेली दिसली. जाताना तिच्या हातात कागदाची गुंडाळी होती. पाहुण्यांच्या वहीत तिनं स्वतःच्या हातानं नाव आणि फोन नंबर लिहिला होता, म्हणून सकाळी फोन आला.

गॅलरीचा मालक रणजित, मूळचा पुण्याचा. मराठी बाई आहे म्हणून त्यानं वेळ दिला होता. पाचपर्यंत फोटो परत आणा, नाहीतर पोलिसात देतो, म्हणाला. निनादची नोकरी मंदीत गेली होती. दीड वर्ष एका ट्रेडिंग कंपनीत अर्ध्या पगारावर काढल्यावर त्याला अबू धाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत काम मिळालं होतं. रविवारी जॉइन व्हायचं होतं. आईचा व्हिसा त्याच्या नावावर. केस झाली की तिचा पासपोर्ट जमा होणार आणि पुढचं सगळं अडणार.

घड्याळात सव्वाबारा झाले होते.

२

शोभनाताई बाल्कनीत बसली होती. घरात सामानाचे खोके बांधून तयार होते. गुंडाळीचं उत्तर हॉलच्या भिंतीवरच होतं. मेळ्याचं पोस्टर, निनादच्या मुलीसाठी, ईशानीसाठी आणलेलं. "दहा दिरहम, म्हणजे सव्वाशे रुपये," निनाद उगाचच म्हणाला. पण पोस्टरच्या आत लहानसा फोटो सहज गुंडाळता येतो, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही.

मी शोभनाताईला विचारलं, काय झालं ते सांगा. तिच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. संधिवातानं बोटं वाकडी झाली होती. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरून पीत होती.

शेवटी ती एवढंच म्हणाली, "मी घेतला नाही. माझी आई आहे त्यात. तिला मी चोरून आणीन का?"

पुढे विचारायला गेलो तर तिनं मान फिरवली. काल त्या लोकांसमोर जेवढं बोलले तेवढं पुरे झालं, म्हणाली. ते लोक हसले होते म्हणे तिला.

निघताना ईशानी दारापर्यंत आली. नऊ वर्षांची पोर. "अंकल, आजी कान्ट इव्हन ओपन माय टिफिन," ती म्हणाली. हे वाक्य मी डोक्यात ठेवलं.

शुक्रवारी मेट्रो दुपारनंतरच सुरू व्हायची, म्हणून टॅक्सी केली. रस्त्यात अर्धवट थांबलेल्या इमारती, त्यांच्यावरच्या न हलणाऱ्या क्रेन. निनाद शेजारी बसून फोनकडे बघत होता. मला वाटत होतं, प्रकरण सोपं आहे. फोटोत एक बाई आहे, ती शोभनाताईची आई आहे. आणखी कुणाला तरी त्या बाईत रस असणार.

स्टॉलवर पोचलो तेव्हा हेमानं मेळ्याचा कॅटलॉग आणून दिला. सतरा नंबरचं पान उघडलं. सूट घातलेला एक आफ्रिकन तरुण, हात नव्या सायकलच्या हँडलवर. मोम्बासा, १९६६.

फोटोत बाई नव्हतीच.

३

"म्हणूनच आम्हाला वाटलं, आजींचा काहीतरी गोंधळ झालाय," हेमा म्हणाली. मुलगी साधी होती. शोभनाताईनं तिला हिंदीत सांगितलं होतं, ये मेरी माँ है, आणि फोटोवर बोट ठेवलं होतं. हेमाला तिथे सायकलवाला तरुण आणि एक कपाट दिसलं. हेच तिनं मग रणजितला सांगितलं आणि कलावंतालाही सांगितलं: एक म्हातारी बाई म्हणते, या फोटोत माझी आई आहे.

कलावंताचं नाव अन्वर. जन्म मोम्बासाचा, वाढला लंडनमध्ये. हे चोवीस फोटो त्याच्या आजोबांच्या पेटीतले. साठच्या दशकातले मूळ प्रिंट, प्रत्येकाची एकच प्रत, निगेटिव्ह कुठेच नाहीत. भिंतींवर ते फोटो, आणि मधोमध अन्वरनं त्या काळचा स्टुडिओ उभा केला होता. लाकडी स्टूल, तिपाई, आणि मागे समुद्र आणि नारळाची झाडं रंगवलेला उंच पडदा. त्या पडद्याजवळ मी जरा जास्तच वेळ थांबलो. माझ्या लॅबमध्येही सुरुवातीला असाच एक पडदा होता, फक्त त्यावर काश्मीर होतं. बर दुबई भागातल्या धक्क्यावर काम करणारी मंडळी त्याच्यापुढे उभी राहून घरी पाठवायचे फोटो काढायची.

मी चौकट उतरवून मागून पाहिली. मागचा तपकिरी टेप ब्लेडनं कडेकडेनं सरळ कापला होता. खिळे एकेक करून उभे केले होते. फोटो पुठ्ठ्याला चिकटवायच्या कागदी पट्ट्या ओल्या करून अलगद सोडवल्या होत्या, कुठेही फाटलं नव्हतं. मग सगळं परत बसवून चौकट भिंतीवर सरळ टांगली होती. वीस मिनिटांचं काम, आणि घाईचं बिलकूल नाही.

रणजितशी बोललो. तो आधी रिअल इस्टेटमध्ये होता. तो धंदा बसल्यावर चित्रांकडे वळला होता. एका म्युझियमनं चोवीसच्या चोवीस फोटो एकत्र घ्यायचं कबूल केलं होतं. आदल्याच दिवशी कुणी संग्राहक एकटा सतरा नंबर मागत होता, हेही त्यानं लपवलं नाही. मला क्षणभर त्याचाच संशय आला. पण तेवीस फोटोंवर म्युझियम मागे फिरलं तर त्याचंच सगळं बुडणार होतं. तो खरोखर घाबरलेला होता आणि त्यामुळेच शोभनाताईवर तुटून पडत होता.

दारावरचा नेपाळी गार्ड म्हणाला, सकाळी आठपासून फक्त कलावंतांना आत सोडतात, आज पाचसहा जण आले. अन्वरही आला होता. घसा बसलाय म्हणून त्यानं गार्डकडे कपभर गरम पाणी मागितलं होतं.

अन्वर मला पडद्याशेजारच्या स्टुलावर बसलेला भेटला. पस्तिशीचा, उंच, मृदू बोलणारा. आवाज स्वच्छ होता. गुरुवारी तो लंडनहून उशिरा पोचला आणि विमानतळावरून तडक मेळ्यात आला, तोपर्यंत फोटो लागलेले होते. फोटो चोरीला गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते खोटं नव्हतं. शोभनाताईला त्यानं आदल्या दिवशी लांबूनच पाहिलं होतं, बोलणं झालं नव्हतं.

"त्या बाईंवर माझा राग नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "वय झालं की माणसाला असं वाटतं. पण हे फोटो त्यांच्या आईनं काढलेत, हे शक्य नाही. हे माझ्या आजोबांनी काढलेत. पोलिसात जाऊ नका असं मी रणजितला सांगितलंय."

मी त्याचे आभार मानून बाहेर आलो. निनादनं विचारलं, काही हाती लागलं का. मी म्हटलं, लागलंय बहुतेक, पण आधी तुझ्या आईला एक प्रश्न विचारायचाय.

४

हॉलच्या कडेला एक सरकता जिना होता, कधीच चालू न झालेला. त्याच्या पायरीवर बसून मी शोभनाताईला फोन लावला. अडीच वाजले होते.

मी विचारलं, "ताई, आई त्या फोटोत नेमकी कुठे आहे?"

"आरशात," ती म्हणाली.

मग ती बोलायला लागली. फोटोच्या डाव्या कडेला एक कपाट होतं, त्याच्या दाराला आरसा. त्या आरशात कॅमेरा दिसतो आणि कॅमेऱ्याशेजारी साडीतली एक बाई. ती तिची आई, विद्युल्लताबाई. मोम्बासाच्या जुन्या वस्तीत त्यांचा स्टुडिओ होता. पाटीवर नाव वडिलांचं, चारुदत्त. पण चारुदत्तांची नजर लवकर गेली आणि कॅमेरा आईनं हातात घेतला. जुन्या वस्तीतल्या बुरख्यातल्या बायका मुद्दाम तिच्याकडे यायच्या, कारण कॅमेऱ्यामागे बाई असायची. शोभना शाळेतून आली की स्टुलावर बसून हे सगळं बघायची. अडुसष्ट साली परदेशी लोकांचे धंद्याचे परवाने बंद होत गेले आणि कुटुंबानं भारताची बोट धरली. शोभना तेव्हा तेरा वर्षांची.

"काल तिला पुन्हा कॅमेऱ्यापाशी पाहिलं हो मी," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षांनी. फोटो काढणाऱ्या बाईचा फोटो कोण काढणार? आमच्याकडे तिचा एकही नाही."

फोन ठेवल्यावर मी हेमाला दोनच गोष्टी विचारल्या. कॅटलॉगसाठी फोटो कुणी पाठवले? अन्वरनं, स्वतः स्कॅन करून, दोन महिन्यांपूर्वी. आणि चौकटी करताना काही खास सूचना होती का? हेमानं आठवून सांगितलं, सतरा नंबरच्या फोटोभोवतीची कागदी कड डावीकडून जास्त रुंद, फोटोवर येईल अशी ठेवा, असं त्यानं कळवलं होतं. करामातल्या चौकटवाल्यानं गडबडीत सगळ्या सारख्याच केल्या. गुरुवारी पोचल्यापोचल्या अन्वर ती चौकट बघत उभाच राहिला होता.

निनादचा अजून विश्वास बसत नव्हता. अन्वर आपलाच फोटो कशाला चोरेल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला समजावलं. त्याच्या आईनं हेमाला सांगितलं होतं की या फोटोत माझी आई आहे. हेमानं अन्वरला तेच सांगितलं. हे ऐकून कोणीही फोटोत बाई शोधेल, सापडली नाही की हसेल. सगळे हसलेच. पण अन्वर मला म्हणाला, हे फोटो त्यांच्या आईनं काढलेत हे शक्य नाही. आई फोटो काढत होती, असं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. आरशात कोण आहे आणि ती काय करते आहे, हे ज्यानं आधीच ओळखलंय त्यालाच हे सुचेल. कॅटलॉगमध्ये आरसा कापला तो त्यानंच, चौकटीत झाकायला सांगितला तोही त्यानंच. आणि कागदी पट्ट्या सोडवायला लागतं कपभर गरम पाणी आणि सरळ चालणारी बोटं. तुझ्या आईच्या हातून ते झालंच नसतं.

"मग फोटो कुठाय?" निनादनं विचारलं. "त्यानं फाडून टाकला असेल तर?"

पट्ट्या इतक्या हळू सोडवणारा माणूस फोटो फाडणार नाही, याची मला जवळजवळ खात्री होती. जवळजवळच.

५

मी एकटाच गेलो. अन्वर त्याच जागी बसला होता. मी शेजारी बसलो आणि जे निनादला सांगितलं तेच त्याला सांगितलं, आवाज न चढवता. शेवटी म्हटलं, की जुना प्रिंट गुंडाळला तर त्याला चिरा पडतात, हे तुला माहीत आहे. म्हणजे तू तो सपाटच ठेवला असणार, आणि अशा ठिकाणी की जिथे तुझ्याशिवाय कुणी हात लावणार नाही.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. उठला, पडद्यामागे गेला आणि दोन बटरपेपरमध्ये ठेवलेला फोटो घेऊन आला. माझ्या मांडीवर ठेवला.

बाई लहानशी दिसत होती, अंगठ्याच्या नखाएवढी. साडीचा पदर खोचलेला, हातात कॅमेऱ्याची बटणाची तार, मान किंचित वाकडी. समोरच्या तरुणाला ती काहीतरी सांगत असावी, कारण तो हसण्याच्या बेतात होता.

अन्वर हळूहळू बोलत गेला. आजोबा युसुफ तो जन्मायच्या आधी वारले. घरात फोटोंची पेटी होती. फोटोंच्या पाठीवर भारतीय मालकाच्या स्टुडिओचा शिक्का होता, पण मालक गल्ल्यावर बसायचा आणि कॅमेऱ्यामागे युसुफ असायचा, हे घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. लंडनमध्ये अन्वर ज्या जोरावर मोठा झाला, चित्रकार झाला, तो जोर हाच. आपल्या रक्तात हे आहे. कॅटलॉगसाठी सतरा नंबर स्कॅन करून मोठा केला तेव्हा त्याला आरशातली बाई दिसली. त्यानं तेवढा भाग कापला आणि संगणक बंद केला.

"हा पाठवलाच नसता तर?" मी विचारलं.

"चोवीसमधला सगळ्यात चांगला तोच आहे," तो म्हणाला. "मला तो मागे ठेवता आला नाही." गुरुवारी त्यानं तो पूर्ण आरशासकट भिंतीवर पाहिला आणि त्याच तासात हेमानं म्हाताऱ्या बाईची गोष्ट सांगितली. शुक्रवारी सकाळी त्यानं फोटो काढून घेतला. आळ त्या बाईंवर येईल हे त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि आल्यावर खरं सांगायचा धीर झाला नाही.

मी फोटो उजेडाकडे धरला. त्यातलं एक काम मला फार ओळखीचं वाटलं. तो तरुण खिडकीकडे पाठ करून उभा होता, त्याचा चेहरा काळवंडायला हवा होता. पण प्रिंट करताना कुणीतरी हाताची सावली धरून तेवढ्या जागी उजेड रोखला होता; कागदावर उजेड कमी पडला की तिथे काळेपणा कमी येतो, म्हणून गाल, डोळे, ओठ सगळं उजळ आलं होतं. सावलीची कड कुठेही दिसत नव्हती. बावीस वर्षांत मला असं पाचसात वेळाच जमलं असेल.

"तुझ्या आजोबांनी फोटो काढला नाही," मी म्हटलं. "पण बाई कॅमेऱ्यापाशी, मालकाची नजर गेलेली, म्हणजे डार्करूममध्ये तेच असणार. हा चेहरा त्यांनी वर आणलाय. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेले फोटो धुतले. मला कुणी माझं नाव विचारलं नाही, म्हणून ते काम माझं नव्हतं असं होत नाही."

अन्वरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाहेर निनाद घड्याळ बघत फेऱ्या मारत होता. पावणेचार वाजले होते.

६

रणजितला अन्वरनं स्वतः सांगितलं. रणजित आधी चिडला, मग म्युझियमला काय सांगायचं म्हणून डोकं धरून बसला. पण शोभनाताईची माफी त्यानं फोनवर, मराठीत, नीट मागितली. म्युझियमच्या बाईंना त्यानं सहा वाजता सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, कार्ड बदला, मग बघू. हेमानं चोवीस नवी कार्डं हातानं लिहिली. छायाचित्र: विद्युल्लता. प्रिंट: युसुफ. महिनाभरानं म्युझियमनं ते चोवीसही घेतले, हे मला नंतर कळलं.

सात वाजता निनाद आईला घेऊन आला. तिनं चांगली साडी नेसली होती. फोटो परत चौकटीत बसला होता. ती जवळ गेली आणि वाकड्या बोटांनी काचेवर, आरशाच्या जागी, हात ठेवला. अन्वर मागे उभा होता. तीच वळली आणि त्याला म्हणाली, "पोले, म्वानांगु." स्वाहिली होतं ते. सोस रे बाळा, असा काहीसा अर्थ, तिनं मला नंतर सांगितलं. इतक्या वर्षांत ती भाषा तिच्या तोंडून निनादनंही ऐकली नव्हती.

अन्वरनं तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाली बसला. त्यानं विचारलं की आजोबांचा एखादा फोटो तिच्याकडे आहे का, त्याच्या घरी एकही नाही. तिच्याकडेही नव्हता. युसुफ कॅमेऱ्यापुढे उभाच राहायचा नाही.

मग ती सांगत बसली. तो इतका उंच होता की डार्करूमच्या दारातून वाकून जायचा. शोभनाला लाल दिव्याखाली उभी करून ट्रेमध्ये कागदावर माणूस कसा उमटतो ते दाखवायचा. आईचा एखादा फोटो त्याला पसंत पडला नाही तर तो ओला कागद तसाच बाहेर घेऊन यायचा आणि म्हणायचा, बाई, हा पुन्हा काढा. आणि आई काढायची.

बोट सुटायच्या दिवशी तो धक्क्यावर आला होता. काखेत एक डबा. लोक ज्या फोटोंचे पैसे देऊन गेले आणि परत न्यायला आले नाहीत, ते फोटो त्यात होते. त्याला तो डबा आईला द्यायचा होता. आईनं तो घेतला नाही. ती म्हणाली, तुझ्याकडेच ठेव, गिऱ्हाईकं येतील, त्यांना देऊन टाक.

"सगळे हात हलवत होते," शोभनाताई म्हणाली. "युसुफ नुसता बघत उभा होता. डबा त्यानं दोन्ही हातांनी धरला होता."

अन्वर म्हणाला, "आजी सांगायची, म्हातारपणी ते रोज सकाळी त्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचे. सोबत एक डबा असायचा, तीच आमच्या घरातली पेटी. कुणाची वाट बघताय विचारलं की म्हणायचे, लोक येतील." तो भिंतीवरच्या फोटोंकडे बघत होता. "ते ऐकून आम्हाला वाटायचं, त्यांना भ्रम झाला होता."